दाराला लावलेला दगड

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, त्याबद्दल माफी असावी. तोंडातून निघत नाही ते वहीत लिहिते आहे.

महिन्यापूर्वी सांगलीहून कोपरा फाडलेलं कार्ड आलं. सुमनबाई गेल्या. त्यांच्या मुलीनं खाली लिहिलं होतं, 'आई तुमची फार आठवण काढायची.' तेवढी ओळ मला दुसऱ्यांदा वाचवली नाही...

बाई आमच्या गावी, सातारा जिल्ह्यात, बालवाडी चालवायच्या आणि मी त्यांची मदतनीस. झाडायचं, पाणी भरायचं, पोरांची नाकं पुसायची. खोलीचं दार वाऱ्यानं आपटायचं म्हणून त्याला एक काळा दगड लावलेला असे. बाई एखाद्या दिवशी तो मुद्दाम सरकवायच्या. दार धाडकन लागायचं. "कुणी ढकललं रे?" कुणी म्हणायचं भूत, कुणी म्हणायचं शेवंतामावशीनं, म्हणजे मी. मग बाई पोरांना अंगणात नेऊन एकेकाच्या तळहातावर शेंगेचं टरफल आणि चिंचोका ठेवायच्या. टरफल उडायचं, चिंचोका जागच्या जागी. "वारा दिसत नाही, पण ढकलतो," बाई म्हणायच्या. "हलक्याला लांब ढकलतो, जडाला जवळ."

मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या सुगीत बाईंच्या मनात आलं, पोरांना उफणणी दाखवावी. गावातल्या तात्यांच्या खळ्यावर मळलेल्या शाळूची, म्हणजे ज्वारीची, रास पडली होती. मला म्हणाल्या, "शेवंता, आज तात्यांना विचारून ये." आमच्याकडं रास उघडी असताना न विचारता कुणी खळ्यात पाय टाकत नाही, चपला घालून तर नाहीच; वारा रुसतो म्हणतात. मी गेले. खळ्यावर पाच-सहा गडी बसलेले. मला पुरुषांत बोलायची लाज. बाभळीमागं थोडा वेळ उभी राहिले आणि तशीच परत आले. बाईंनी विचारलं, "विचारलंस?" मी म्हणाले, "व्हय."

दुसऱ्या दिवशी वीस पोरं घेऊन आम्ही गेलो. तात्या तीन पायांच्या उंच तिकटीवर उभे राहून पाटीतून शाळू ओतत होते. दाणे खाली पडत होते, भुसा लांब जात होता. पोरं हरखली, टाळ्या पिटत सरळ खळ्यात घुसली, पायांतल्या चपलांसकट. त्याच वेळी वारा पडला.

तात्या खाली उतरले. "कुणाला इचारून आलासा बाई?"

"शेवंता काल विचारून गेली ना?"

"मला कोण बोललं न्हाई."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी मातीकडं पाहत राहिले. बाई म्हणाल्या, "माझंच चुकलं, तात्या."

पुढं तीन दिवस पान हललं नाही. दोन वर्षांनी पिकलेलं धान्य भुशासकट पडून राहिलं. चौथ्या दिवशी वारा सुटला, रासही घरी गेली, पण तोवर पाणवठ्यावर बाईंचं नाव पडलं होतं, 'वारा पळवणारी'. पोरं कमी होत गेली. दिवाळीनंतर बाईंनी सांगलीला बदली मागून घेतली. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत.

एकदा आमच्या घरधन्यांबरोबर हळद घेऊन सांगलीला गेले, तेव्हा बाईंच्या घरी गेले होते. सांगायचंच म्हणून गेले होते. त्यांनी चहा दिला, हसून विचारलं, "काय गं, वारा आहे ना गावात?" मी मान हलवली. बशीतला चहा गार झाला. तशीच उठले.

कार्ड आल्यावर परवा खळ्यावर गेले. चपला बाहेर काढल्या. चारचौघांत तात्यांना म्हणाले, "तात्या, त्या सालात बाईंनी मला इचाराय धाडलं हुतं. मी बाभळीमागनंच परत गेले. बाईंचा दोष नव्हता."

तात्या पाटी धरून उभे राहिले. "एवढी वर्सं गप का गं बसलीस? आन् आता कुणासाठी सांगतीस? ती तर गेली की."

मी बाहेर येऊन चपला घातल्या.

बालवाडीत आता नव्या बाई आहेत, मदतनीस अजून मीच. त्या वाऱ्याचं शिकवत नाहीत. पण बाई सांगलीला गेल्यापासून इतकी वर्षं मी मधूनच पायानं तो दगड सरकवते. दार लागतं, पोरं ओरडतात. नव्या बाई विचारतात, "दगड कुणी काढला?" मी म्हणत असे, "आपोआप सरकला आसंल."

काल म्हणाले, "मी काढला."