मार्थाबायच्या सुकेळ्यांचा परवाना

सरकारी माणूस शेजारी राहायला आला की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते कुंपणातून आपणहून आत येतात. आणि आमचं कुंपण तर बारा ठिकाणी फाटलेलं! स्वराज्य आल्यावर दोन-तीन वर्षांनी अण्णासाहेब वसईच्या कचेरीत अव्वल कारकून म्हणून आले आणि आमच्या शेजारच्या घरात उतरले. तालुक्यात छोटा धंदा काढायचा तर परवाना त्यांच्या हातचा. माझं शिक्षण मराठी चौथी, पण कान मॅट्रिक पास! त्या भरवशावर हे लिहिते.

*

पहिल्याच दिवसाची गोष्ट कचेरीतल्या शिपायानं सांगितलेली. तेव्हा परवान्याचा कागद पाच टेबलांवरून फिरायचा आणि प्रत्येक टेबलाचा वार वेगळा. भजीचं दुकान काढणारा शेवटच्या टेबलाशी पोचेपर्यंत घरात त्याचं तेल खवट व्हायचं!

अण्णासाहेबांनी पाचही टेबलं ओढायला लावली आणि एकाला एक चिकटवली. कागद या टोकाला ठेवायचा, सही-शिक्के घेत त्या टोकाला बाहेर.

कचेरीतले वयानं थोरले असलेले एक कारकून कुरकुरले, "साहेब, अशानं कोणतं टेबल कोणाचं ते लोकांना कळणार कसं?"

"त्यांना टेबल कुठे हवंय? शिक्का हवाय!"

*

मग आली मार्थाबाय. नवरा वारलेला, मागे राजेळी केळ्यांची वाडी. तिचा दीर पास्कू ती वाडी एका व्यापाऱ्याला मक्त्यानं द्यायला निघाला होता. बाय म्हणाली, "मी सुकेळी करून मुंबईला विकीन, वाडी देणार नाही!" पास्कू हसला. "बाईमाणसाला परवाना? बरं, अढीतली केळी पिकायच्या आत मिळव. नाही मिळाला तर मी सांगेन तिथे अंगठा करायचा." बायनं शब्द दिला. केळी पिकायला दहा दिवस!

फॉर्म घेऊन ती माझ्या ओट्यावर आली. आम्ही दोघी बसलो भरायला. फॉर्म गिरणीवाल्यांसाठी छापलेला. 'यंत्रे कोणती व किती?'

"बाय, यंत्र कोणतं गं तुझं?"

"सोललेली केळी उन्हात वाळतात. दुसरं काय असणार?"

मी लिहिलं: 'सूर्य, एक.'

खाली होतं, 'यंत्र देशी की परदेशी?' तिथे आम्ही दोघी अडलो. शेवटी कुंपणावरून अण्णासाहेबांनाच विचारलं. त्यांनी आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "आता देशी लिहा. चार वर्षांपूर्वी विचारलं असतंत तर मलाही सांगता आलं नसतं!"

*

दुसऱ्या दिवशी बायनं घरात होती ती सुकेळी केळीच्या पानात बांधून त्यांच्याकडे पाठवली. पुडकं आलं तसं परत गेलं. "परवाना मिळाल्यावर विकत घेईन. आत्ता खाल्ली तर सही गोड होईल."

त्यांच्या मंडळी, सुशीलाबाई, हात हलवत कुंपणाशी आल्या. "ऐकलंत? पथ्य ह्यांच्या सहीला, आणि उपास मला!"

*

कारखान्याची तपासणी झाल्याशिवाय परवाना नाही. थोरले कारकून जाऊन आले आणि शेरा मारला: 'भिंती नाहीत, दार नाही, सबब आत जाता आले नाही.'

अण्णासाहेब स्वतः सायकलवर टांग मारून निघाले. बायच्या वाडीत मांडवावर चटया, चटयांवर घरापुरती केळी वाळत घातलेली. बाय म्हणाली, "साहेब, एवढी काठी धरता? मी पाणी घेऊन येते." अव्वल कारकून अर्धा तास काठी घेऊन कावळे हाकत उभे! तिथेच, मांडवाच्या खांबाला कागद टेकवून त्यांनी शेरा लिहिला: 'जागा समक्ष पाहिली. स्वच्छ आहे. कावळ्यांखेरीज कोणाची तक्रार आढळली नाही.'

*

राहिली जाहीर नोटीस. कोणी हरकत घेतली की कागद ठाण्याला, जिल्हा कचेरीत, आणि ठाण्याहून परत येईपर्यंत केळ्यांचा चिखल! हे पास्कूला पक्कं ठाऊक होतं. "हरकत मी घेणार," असं तो बाजारात सांगत सुटला. अढीतल्या केळ्यांवर पिवळं चढायला लागलं होतं. बाय माझ्या ओट्यावर बसून नुसती पदर पिळत होती.

अण्णासाहेबांनी नियमाचं पुस्तक काढलं. नोटीस 'गावात चालत आलेल्या रीतीने' द्यावी, एवढंच लिहिलेलं. ते सरळ बायच्या देवळातल्या, म्हणजे चर्चच्या, फादरांकडे गेले, नोटीस रविवारी वाचून दाखवा म्हणून.

फादर म्हणाले, "अहो, मी इथे फक्त लग्नांच्या चिठ्ठ्या वाचतो, कोणाची हरकत आहे का ते विचारायला."

"फादर, हाही बाईच्या संसाराचाच प्रश्न आहे."

रविवारी मी देवळाच्या दारात उभी होते. माझं तिथे काय काम, ते विचारू नका. मिस्सा, म्हणजे त्यांची रविवारची प्रार्थना, संपताना फादरांनी लग्नांच्या दोन चिठ्ठ्या वाचल्या आणि मग तिसरी उघडली. वर मार्थाबायचं नाव, मधे धंद्याचा मजकूर, आणि शेवटी, "...यास कोणाची हरकत असल्यास त्यानं आत्ताच उभं राहून सांगावं."

पुरुषांच्या बाजूला पास्कू उभा राहिला. कोटाची बटणं लावली. घसा खाकरला.

त्याच्या शेजारी इंत्रूआजोबा पेंगत बसले होते, ते दचकून जागे झाले. जन्मभर त्याच बाकावर बसून त्यांनी हरकतीचं वाक्य ऐकलं ते फक्त लग्नांचंच. उभ्या पास्कूला त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"काय रे पास्कू, या वयात दुसरं करतोस?"

बायकांच्या बाजूला पास्कूच्या बायकोनं मान वळवली.

पास्कू खाली बसला.