परसदारी बसलेली प्रमिला

पूर्णाहुती झाली, यजमानांच्या हातावर तीर्थ दिलं आणि मग मी पिशवीतला फोन बाहेर काढला. अकोल्याला एका नव्या घराची वास्तुशांत होती. पूजेला बसताना मी फोनचा आवाज नेहमीच बंद करतो. त्यावर आमच्या शेजाऱ्यांचे एकामागोमाग एक फोन येऊन गेलेले दिसले. मी उलट फोन लावला तो उचलला शेवंताबाईनं. भातकुलीकडून रोज सकाळी भाजीची टोपली घेऊन अमरावतीतल्या आमच्या गल्लीत येणारी ही बाई शेजाऱ्यांच्या फोनवर कशी, असा विचार मनात येतो न येतो तोच ती म्हणाली, "गुरुजी, लवकर या. बाई उठून नाही राहिल्या." यजमानांनी त्यांची गाडी काढली. घरी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते आणि प्रमिलाला आतल्या खोलीत चटईवर निजवलेलं होतं. तिच्या पायांना परसातली ओली काळी माती तशीच होती.

त्या दिवशी पहाटे मी निघालो तेव्हा ती परसात होती. मी चपला घालत होतो. "अहो, पाच मिनिटं इकडे या. काहीतरी दाखवायचंय," अशी तिनं हाक मारली. मला सहाची बस गाठायची होती. "आल्यावर बघतो," असं म्हणून मी दार ओढून घेतलं. बत्तीस वर्षांच्या संसारातलं माझं तिच्याशी शेवटचं बोलणं ते. डॉक्टर म्हणाले, हृदय एकदम बंद पडलं, तुम्ही घरी असता तरी काही करता आलं नसतं. असेलही तसं. पण मी माझ्या मनाला हे किती वेळा सांगितलं, आणि ते ऐकत नाही.

आमची एकुलती एक मुलगी मैथिली अकराव्या वर्षी गेली. पावसाळ्यात ताप आला आणि सहा दिवसांत सगळं संपलं. ते सहाही दिवस मी दवाखान्याच्या जिन्याखाली बसून महामृत्युंजयाचा जप करत होतो. घरी परत आलो तेव्हा प्रमिलानं मला एकच विचारलं, "तुमचा जप चालू होता ना?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं. मी "हो" म्हणालो आणि तिनं मान हलवली. त्या दिवसापासून ती देवघरात आली नाही. मी पूजेला बसलो की फुलं, गंध, नैवेद्य सगळं उंबऱ्यापर्यंत आणून ठेवायची आणि मागं वळायची. एकदा मी आग्रह केला तेव्हा म्हणाली, "तुम्ही करा. मी आड येणार नाही. मला मात्र बोलावू नका." लोकांच्या घरी जाऊन त्यांना देवावर श्रद्धा ठेवा म्हणून सांगणारा मी, आणि माझ्याच घरात हे. मला ते फार लागलं. आज लिहायला लाज वाटते, पण कित्येक महिने मी तिच्याशी कामापुरतंच बोललो. मूल तिचंही गेलं होतं, हे जणू मी विसरलोच होतो...

आमचं परस म्हणजे वीस बाय पंधरा फुटांचा तुकडा. एक कडुनिंब, एक धुण्याचा दगड आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी काळी माती. मैथिली गेल्यानंतरच्या दुसऱ्या वैशाखात प्रमिला तिथे धुणं धूत होती. अमरावतीचा वैशाख, सकाळी नवालाच डोळे उघडवत नाहीत असं ऊन. दगडाच्या खळग्यात साचलेल्या साबणाच्या पाण्यावर सातभाई पक्षी येऊन भांडायला लागले. तिला वाटलं, साबणाचं पाणी पिऊन मरतील बिचारे, म्हणून तिनं मातीचं पसरट परळ पाण्यानं भरून निंबाखाली ठेवलं. एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी ती परळ भरायला गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. साधारण आठवड्यानं मी पूजा करत असताना मला तिचं हसणं ऐकू आलं. परळात एकाच वेळी सगळ्यांना उतरायचं होतं आणि एकमेकांना ढकलून ते पाण्यात पडत होते, हे मला तिनं नंतर सांगितलं. दोन वर्षांत ती हसली नव्हती. माझा मंत्र तोंडातच राहिला. उठून बाहेर जावं असं फार वाटलं, पण मला पाहून ती थांबेल अशी भीती वाटली, म्हणून मी तसाच बसून राहिलो.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात शेवंताबाईनं तिला परसात एकटी बसलेली पाहिलं. मागच्या फाटकातून टोपली उतरवत ती म्हणाली, "कावून अशा बसल्या बाई? हे घ्या अंबाडीचं बी. भिताडाच्या कडेले टाकून द्या. उगवलं त उगवलं." प्रमिलानं ते टाकून दिल्यासारखंच टाकलं. पाचव्या दिवशी कोंब आले तेव्हा ती मला बोलवायला आली. मी एका यजमानाशी फोनवर मुहूर्ताचं बोलत होतो. हातानंच तिला थांब म्हटलं, आणि बोलणं संपेपर्यंत विसरलो.

असं वर्षानुवर्षं चाललं. पावसात भिंतीवरच्या गोगलगायी, भाद्रपदात तेरड्याचे रंग, थंडीत पिवळ्या फुलांनी भरलेली दहा-बारा तुरीची झाडं. पौषातल्या उन्हात ती ओल्या शेंगा सोलत बसायची आणि त्या सोल्यांची आमटी रात्री पानात यायची. फाल्गुनात निंबाची पानं झडून नवी लाल पालवी आली की दुपारचा चहा ती परसातच घ्यायची. तिनं लावलेल्या चाफ्याच्या पानाचे दोन काठ शिवून त्यात घर करणारा इवलासा शिंपी पक्षी तिला सापडला, तेव्हा तीन आठवडे आमच्या घरात कोणी मोठ्यानं बोलायचं नाही असा तिचा हुकूम होता. मी गमतीनं म्हणालो, "माझ्या पूजेची घंटा तरी चालेल का?" तर म्हणाली, "हळू वाजवा." ती दर वेळी मला बोलवायची आणि मी दहातल्या एखाद वेळी जायचो. तेही उभ्याउभ्या, घड्याळाकडे बघत.

एका घटस्थापनेची सकाळ मला कधी विसरता येणार नाही. घटाखाली घालायची माती मी दरवर्षी बाहेरून आणायचो. त्या वर्षी प्रमिला परातीत परसातली माती घेऊन देवघराच्या उंबऱ्याशी आली. ती चाळलेली होती, एक खडा नव्हता. "ही घ्या," म्हणाली. मी म्हणालो, "तूच आत येऊन पसर." ती थोडा वेळ उभी राहिली. मग आत आली, बसली, माती पसरली, तिच्यावर गहू टाकला, पाणी शिंपडलं. नऊ वर्षांनी ती त्या खोलीत बसली होती. मी विचारलं, "राग गेला?" ती मातीवरून हात फिरवत म्हणाली, "राग कधी गेला ते कळलं नाही. मैथिली का गेली, ते मला अजूनही कोणी सांगितलेलं नाही. पण अहो, मी रोज तिकडे जाते, आणि रोज काहीतरी उगवलेलं असतं. मी काही न मागता. मला वाटतं, कोणीतरी आहे तिथं. आणि त्याला माझ्याशी बोलायचं आहे." मी पंचवीस-तीस वर्षं लोकांना देवाबद्दल सांगत आलो होतो. त्या सकाळी मी तिनं पसरलेल्या मातीवर घट ठेवला.

आणि तरीही मी परसात जाऊन तिच्याजवळ बसलो नाही. मुहूर्त होते, यजमान होते... कारणं आठवली की स्वतःची चीड येते.

ती गेल्यावर दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवला. ते विधी करणारे गुरुजी वेगळे असतात. आयुष्यभर मी दुसऱ्यांना सांगत आलो आणि तिथे मला कोणीतरी सांगत होतं, दर्भ असा धरा, पाणी इकडून सोडा. पिंडाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "त्यांना काही सांगायचं असेल तर मनात सांगा." मी सांगणार होतो की यापुढे रोज सकाळी तू बसायचीस तिथे बसेन. पण माझे शब्द जुळायच्या आतच कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला. सगळ्यांना हायसं वाटलं. "भाग्यवान, काही इच्छा राहिली नाही," असं कोणीतरी म्हणालं. मी मात्र तिथे उभा राहून लहान मुलासारखा रडलो. तिला माझ्याकडून काही नकोच होतं का? की मागून मिळत नाही, हे तिनं केव्हाच मान्य केलं होतं?

त्या पहाटे तिला मला काय दाखवायचं होतं, ते शोधायला मी चार दिवस परसात फिरलो. तुरीच्या झाडांत वाकून पाहिलं, निंबाच्या फांद्या पाहिल्या, भिंतीच्या फटी पाहिल्या. काही सापडलं नाही. जे असेल ते उडून गेलं असेल, किंवा कोमेजलं असेल. किंवा अजून तिथेच असेल आणि मला पाहता येत नसेल.

आता मी सकाळची कामं घेत नाही. परळात पाणी भरतो आणि धुण्याच्या दगडावर बसतो. गेल्या आठवड्यात वाटलं, जागा जरा साफ ठेवावी. भिंतीलगत गवत माजलेलं दिसलं, ते उपटून ढीग केला. तेवढ्यात शेवंताबाई फाटकातून आत आली आणि टोपली डोक्यावर तशीच ठेवून उभी राहिली. "गुरुजी, हे काय केलं तुमी? हे गवत नोहे. गवार होय. बाईनं माह्याकडूनच बी नेलं होतं, जाच्या दोन दिवस आंधी."

तिच्या हातचं शेवटचं पेरलेलं मी माझ्या हातानं उपटलं होतं. शेवंताबाईनं टोपली खाली ठेवली, माझ्या शेजारी मातीत बसली आणि आम्ही दोघांनी एकेक रोप पुन्हा लावलं. ऊन लागू नये म्हणून मी त्यांच्यावर माझं पूजेचं धूतवस्त्र काठ्यांवर ताणून बांधलं. पहिल्या दिवशी सगळी रोपं माना टाकून होती. तिसऱ्या दिवशी बहुतेक वाळली. काल पाहिलं तर दोन ताठ उभी होती, एकाला नवं पान फुटत होतं.

आज सकाळी मी ती शेवंताबाईला दाखवली. तिनं वाकून बोटानं मूळ चाचपलं. "जगतात आता," म्हणाली. मग माझ्याकडे न बघता तिनं पदरानं हात पुसले. "दोनच राह्यली. पण दोन झाडं एका माणसाले पुरतात, गुरुजी."

मी मान हलवली आणि तांब्या घेऊन नळाकडे गेलो.