उडता घोडा कुणाला?

मैत्रिणींनो, जुळ्या भावांच्या त्या जादूच्या कादंबरीवर आज सकाळी देवपूजा उरकून मी आपल्या ग्रुपवर मत टाकलं. त्यातली आई उडता घोडा हट्टी मुलाला देते आणि दुसऱ्याला "तू समजूतदार आहेस" म्हणते. तिला मी चांगलंच झाडलं होतं.

दुपारी माझ्या जुळ्यांना एकाच वेळी गाडी हवी झाली. खर्च नको म्हणून घरात मोटारसायकल एकच. अंकुश रुसून बसला. मी लहूला म्हटलं, "तू जा एसटीनं इंदापूरला. तुला कळतंय सगळं."

लहूनं माझ्या फोनवर माझं मत वाचलं होतं. हसून म्हणाला, "आई, पुस्तकातली बाई बी आसंच म्हनली न्हवं?" आणि निघाला.

मला मान वर करवेना. त्या मतावर तुमचे अंगठे अजून येतायत. तो घरी आल्यावर काय बोलू, सांगा.