आधी त्यालाच सांगा

जपानमध्ये सेंदाईला आल्यापासून मी एक नेम धरला होता. सकाळी फोन हातात घेण्याआधी प्रार्थना, आणि रविवारी काहीही झालं तरी आधी चर्चमधली उपासना. बेकरीत अर्धवेळ कामाला लागताना मालकीणबाईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, रविवारी येणार नाही. त्याबदल्यात सुट्ट्यांच्या दिवसांत इतर बायकांचं काम मी अंगावर घेत असे. माझा नवरा सुहास इथल्या विद्यापीठात संशोधन करतो. तो थट्टेने म्हणायचा, "या घरात माझा नंबर दुसरा." मला ते ऐकायला आवडायचं. देवाला पहिलं स्थान दिलं की बाकीचं तो सांभाळेल, अशी माझी पक्की समजूत होती.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात बाळ गेलं. नगरहून आईचा फोन आला, "बाळा, यातही प्रभूची काही योजना असेल." मी फोन ठेवून दिला. मनात एकच प्रश्न घोळत होता: मी तुला पहिलं ठेवलं, तू मला कितवं ठेवलंस? प्रार्थना थांबली. सुहास स्वयंपाक करायचा, भांडी घासायचा, माझ्यासमोर कधी रडायचा नाही. मला त्याचाही राग यायचा.

एका रविवारी त्याने फार आग्रह केला म्हणून एकटीच निघाले. चर्चच्या दाराशी पोहोचले, आतून गाण्याचा आवाज आला आणि पाय पुढे टाकवेना. समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने आलेल्या बसमधून सातो-सान उतरल्या. आमच्या मंडळीतल्या या वयस्कर बाईंशी माझं बोलणं नमस्कारापलीकडे कधी गेलं नव्हतं. त्या कधीच उशिरा येत नसत. त्या दिवशी नेमकी त्यांची बस चुकली होती. त्या आत गेल्या नाहीत. माझ्या शेजारी येऊन बसल्या.

मला जपानी बेताचंच येतं, म्हणून त्या सावकाश बोलल्या. "रागावलात का?"

मी होकारार्थी मान हलवली.

"देवाला सांगितलंत?"

"त्याच्याशी बोलतच नाही मी."

"माझा मुलगा गेला तेव्हा मीही शेजाऱ्यांना सांगितलं, बहिणीला सांगितलं. देवाला सगळ्यांत शेवटी. तोवर मी फार कडू झाले होते. तुम्ही आधी त्यालाच सांगा. वाईट शब्दांत सांगितलं तरी चालेल."

उपासना संपेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. मी मनातल्या मनात, मराठीत, प्रभूला नको नको ते बोलले. त्याने उत्तर दिलं नाही. पण इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मी त्याच्याकडे तोंड करून बसले होते.

पुढे काही चांगलं घडलं असं नाही. पुन्हा मूल होण्याची आशा डॉक्टरांनी फारशी दिलेली नाही. बेकरीतल्या एकीला बाळ झालं तेव्हा मी भेट पाठवली, स्वतः गेले नाही. देवाला पहिलं ठेवणं म्हणजे त्याला खूश ठेवणं, असं मी धरून चालले होते. आता जे असेल ते, नासलेलं असलं तरी, आधी त्याच्यापुढे ठेवते. एवढीच शरणागती मला जमते.

त्यानंतरच्या रविवारी मी आत गेले. सगळे गाण्यासाठी उभे राहिले. माझं तोंड उघडेना. शेजारी सातो-सान होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातलं गीतांचं पुस्तक मिटलं आणि माझ्यासोबत गप्प उभ्या राहिल्या. त्या गप्प राहण्याबद्दल मी प्रभूचे आभार मानते. बाकीच्याबद्दल अजून मानता येत नाहीत, आणि हेही मी त्यालाच सांगते.