रोह्याचे रविवार

सुटून आले तेव्हा मला जायला एकच घर होतं, पेणजवळच्या जोहे गावातल्या भावाचं. सासर खाडीकाठी. तिथे बांधाचं पाणी कोणी सोडायचं यावरून दोन गावांत मारामारी झाली, पलीकडचा एक माणूस गेला, आणि शिक्षा झालेल्यांत नवऱ्याबरोबर मीही होते. नवरा माझ्या आधी सुटला. त्यानं पनवेलकडे दुसरं घर मांडलं. मी आत गेले तेव्हा आमची मुलगी नुकती चालायला लागली होती. तिला नणंदेनं रोह्याजवळ वरसे गावात नेलं आणि वाढवलं.

तुरुंगात मी शिकायला लागले ते काही हौसेनं नाही. अभ्यासाला बसणाऱ्या बायकांना दुपारी पंख्याच्या खोलीत बसता यायचं, म्हणून गेले. तिथे शिक्षा भोगणारी एक बाई पूर्वी शाळेत शिकवायची. तिनं माझ्याकडून दहावी करून घेतली, मग बारावी. मी सुटायच्या दिवशी ती म्हणाली, "बाहेर जाऊन सोडू नकोस." मी मान हलवली. त्या बाईला नाही म्हणायची माझी कधी हिंमत झाली नाही.

भावाचा गणपतीचा कारखाना होता. वहिनीनं काही न विचारता हातात ब्रश दिला. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी मला लग्नाआधीपासून येत होती. पहिल्या दिवशी शेजारची बाई आपला पाट उचलून पलीकडे जाऊन बसली. पुढे गणपती जवळ आले, काम वाढलं, जागा कमी पडली, तेव्हा ती परत शेजारी आली. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही.

बी.ए.ला नाव घातलं ते मुक्त विद्यापीठात. रविवारी वर्ग असायचे. मी रोह्याचं केंद्र घेतलं, कारण तिथून वरसे चालत जाण्यासारखं. भावाला सांगितलं, "तिकडे शिकवतात चांगलं." तो म्हणाला, "व्हय, असेल." त्याला कळलं होतं.

जोह्याहून पेण, पेणहून दुसऱ्या एस.टी.नं रोहा. आठवडाभर डोळे ताणून रंग लावल्यावर रविवारी फळ्यावरची अक्षरं पोहायला लागत. वर्गात कंपनीतली माणसं रात्रपाळी करून यायची आणि बाकावर डोकं टेकून झोपायची. मला त्यांचा हेवा वाटायचा. मी झोपले असते तर सगळ्यांनी पाहिलं असतं.

वर्ग सुटला की मी नणंदेकडे जायचे. ती म्हणायची, "बस गो, चहा टाकते. पोरगी शेजारी गेलीय." आतल्या खोलीतून बांगड्या वाजलेल्या ऐकू यायच्या. मी चहा प्यायचे आणि निघायचे. असे कितीतरी रविवार गेले. एकदा मुलगी स्टँडवर मैत्रिणीबरोबर दिसली. मैत्रिणीनं माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. "आत्याकडे येते ती बाई," असं तिनं सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं.

मग एका रविवारी वाटेत कुठेतरी रास्ता रोको झाला आणि गाड्या बंद पडल्या. मी नणंदेच्या ओटीवर पुस्तक उघडून बसले आणि बसल्या बसल्या डुलक्या घ्यायला लागले. डोळे उघडले तर मुलगी समोर उभी.

"झोपून पाठ होतं?" तिनं विचारलं.

"नाय होत."

"मग कशाला शिकतेस?"

"आत असताना सवय लागली." त्या घरात 'आत' हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला.

ती उंबऱ्यावर टेकली. मग म्हणाली, "तू मारलंस त्याला?"

"नाय. पण मी तिथं होते. आणि तो मेला."

मी आणखी बोलेन म्हणून ती थांबली. मी पुस्तक मिटलं. ती आत गेली. संपलं, असं मला वाटलं. पण ती भूमितीचं पुस्तक घेऊन बाहेर आली. तिचं दहावीचं वर्ष होतं. "हे येतं तुला?"

आम्ही दोघी त्या गणितावर बसून राहिलो. मलाही आलं नाही, तिलाही आलं नाही. शेवटी नणंद म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता. जेवून घ्या दोघी."

त्यानंतर ती रविवारी घरी असायची. दोघी आपापला अभ्यास करायचो, बोलणं थोडंच. पुढे स्टँडवर तीच मैत्रीण भेटली, तेव्हा मुलगी म्हणाली, "माझी आई. बी.ए. करते इथे." मी मैत्रिणीला चहा घेणार का विचारलं.

इंग्रजीत नापास होत होत एकदाची बी.ए. झाले. अंगणवाडीत जागा निघाली तेव्हा पोलिसांच्या दाखल्याशी गाडी अडली. आणखी दोन-तीन ठिकाणी तसंच झालं, मग मी विचारणं सोडलं. अखेर पेणच्या एका वाचनालयात दुपारचं काम मिळालं. तिथल्या बाईंना मी सगळं आधीच सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "पुस्तकं जागच्या जागी लावता येतात ना? मग या उद्यापासून."

सकाळी आखणी, दुपारी वाचनालय. मुलगी अलिबागला नर्सिंग शिकते. एम.ए. कर, म्हणून फोनवर मागे लागते. मी म्हणते, बघू. डोळ्यांना नवा चष्मा लागलाय, आणि सध्या रविवारी मी दुपारपर्यंत झोपते.