पाणी तोडलेली बाग

केशवरावांची सून अनुराधा लोधीखेड्याच्या बागायतदाराची पोर. मॅट्रिक होऊन ती पांढुर्ण्यात आली, तेव्हाच बोलणं झालं होतं, की तिला नागपूरला मास्तरणीच्या ट्रेनिंगला पाठवायचं. केशवराव स्वतः मराठीचे मास्तर. शब्द त्यांनीच दिला होता. पहिल्या वर्षी नणंदेचं लग्न निघालं. मग दिलीप झाला. मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला. त्यांचं हगणंमुतणं काढण्यात दोन वर्षं गेली आणि त्याही गेल्या. "आता या दिवाळीनंतर जा," केशवराव म्हणाले. नवरा मोरेश्वर वडिलांपुढे हूं की चूं करत नसे.

ती दिवाळी छप्पन सालची. नागपूर मुंबई राज्यात गेलं, मराठी बोलणारं पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिलं. केशवरावांना अन्न गोड लागेना. त्यांनी थांबलेल्या स्वप्नांवर एक कविता लिहिली आणि एका संध्याकाळी दोघा मित्रांना ऐकायला बोलावलं.

अनुराधा चहा घेऊन आली, तेव्हा अर्थ लावणं रंगात आलं होतं.

"मेल पुढं जावी म्हणून बाजूच्या रुळावर उभी केलेली मालगाडी," कापसाचे व्यापारी यशवंतराव म्हणाले, "ते आपलं पांढुर्णा. बरोबर ना, मास्तर? पण ही पाणी तोडलेली संत्र्याची बाग कायची?"

"ते मले विचारा," रामाजी म्हणाले. त्यांची स्वतःची संत्र्याची बाग होती. "बहर यावा म्हणून आपण झाडाचं पाणी तोडतो, ताण देतो. मंग पाणी सोडलं का झाड फुलानं लदते. आपलंबी स्वप्न तसंच फुलन, असं म्हणून राहिले मास्तर."

केशवराव सुखावले. "सूनबाई, तूही बागेतलीच. सांग, तुला काय अर्थ लागला?"

अनुराधानं कप खाली ठेवले.

"ताण देणारा सावलीत बसला असते, मामंजी. उन्हात झाड असते. आज पाणी सोडू, उद्या सोडू, असं तो करत राहिला तर बहर येत नाही. शेंड्याकडून फांद्या वाळत येतात. खालून झाड हिरवंच दिसते, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही."

केशवरावांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, पोचलं.

"वा! दिल्लीवाल्यांच्या थोबाडीत दिली सूनबाईनं!" यशवंतरावांनी मांडीवर थाप मारली.

"घरात प्रोफेसर ठेवून राहिले अन् सांगत नाही, मास्तर!" रामाजी हसले. केशवरावही हसले.

मंडळी गेल्यावर तिनं सरळच विचारलं. "मामंजी, दिवाळी झाली. दिलीपला माझी आई सांभाळते म्हणते. नागपूरचं काय?"

केशवरावांनी चष्मा काढला. "अगं, नागपूर आता परराज्य. तिथलं ट्रेनिंग इथं धरतील की नाही, कोण जाणे. जरा घडी बसू दे." त्यांचा आवाज खरोखरच जड झाला होता. ते खोटं बोलत असते तर तिला भांडता आलं असतं. "आणि ते सावलीचं तू काय म्हणालीस, पुन्हा सांग बरं. सौंसरला कविता वाचायची आहे, उतरवून घेतो."

"विसरली मी."

"असं कसं? आत्ताच तर..."

"विसरली, मामंजी."

सौंसरला त्यांनी जमेल तसं आठवून सांगितलं. टाळ्या पडल्या. घडी बसेपर्यंत अनुराधाला आणखी दोन मुलं झाली होती आणि शाळांतून मराठीच्या जागी हिंदी आली होती. नागपूर तिनं पुढे एकदाच पाहिलं. केशवरावांना तिथल्या दवाखान्यात ठेवलं होतं, आणि त्यांच्या उशाशी बसायला घरात दुसरं कोणी मोकळं नव्हतं.