गाळपेरीची लाल पट्टी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. घाटंजीकडच्या त्या तलावातली मासळी तिथल्या मच्छीमार संस्थेच्या हलगर्जीपणाने मेली नाही. माझ्या नकाशाने मेली.

उपग्रहाच्या चित्रांवरून जिल्ह्यातले तलाव तपासणं हे माझं काम. उन्हाळ्यात कुठे पाणी टिकतं, कुठे मासे किती महिने ठेवता येतील, हे मी यवतमाळला खुर्चीत बसून ठरवतो. त्या चित्रांत पाणी काळंनिळं दिसतं आणि हिरवं जे काही असेल ते लाल. त्या तलावाच्या मार्चच्या चित्रात काठालगत रुंद लाल पट्टी होती. मी ती पाण्यावरची वनस्पती धरली. म्हणजे खाली पाणी आहेच. तलाव बारमाही, लिहून टाकलं.

ती गाळपेर होती. पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक टरबूज, काकडी लावतात, ती. हे मला ठाऊक नसतं तर गोष्ट वेगळी. पण माझ्या मामाचीच गाळपेर होती. तिथली टरबुजं खाऊन मी वाढलो.

अशी शंका असली की जागेवर जाऊन पाहायचा नियम आहे. मी निघालोही. घाटंजीपर्यंत गेलो. एप्रिलचं ऊन. रसवंतीत दोन ग्लास रस प्यालो आणि परतलो. तपासणीच्या रकान्यात 'प्रत्यक्ष पाहिले' असं लिहिलं.

पुढे तलावात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडायच्या वेळी मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष कार्यालयात आले. साठीतले गृहस्थ, जन्म पाण्यात गेलेला.

"साहेब, आमी होळीच्या आत जाळं मारतो. तुमी म्हणता मे परेंत मासा ठेवा. काहून?"

"मोठा होईल, काका. पाणी आहे तुमच्याकडे. वरून दिसतं."

"वरून तं माहं टक्कलबी तलाव दिसन!"

सगळे हसले. मीही हसलो.

"एकडाव येऊन पाहा ना," ते म्हणाले.

"पाहिलंय," मी म्हणालो.

त्यांनी माझं ऐकलं. सभासद कुरकुरत होते, त्यांनाही त्यांनीच समजावलं. पुढच्या वर्षी मे उजाडायच्या आधीच तलावाचं डबकं झालं, पाणी तापलं, आणि कटला-रोहू पांढरी पोटं वर करून तरंगले. माझ्याकडे खुलासा मागितला गेला. मी लिहिलं, की गाळपेरवाल्यांनी मोटारी लावून पाणी उपसलं आणि संस्थेने त्यांना रोखलं नाही. मी एकही मोटार पाहिली नव्हती. त्या चार ओळींवर संस्थेच्या हातून तलाव गेला. गावात तर बोललं जाऊ लागलं, की अध्यक्षानेच पाणी विकलं.

गेल्या हिवाळ्यात ते मला घाटंजीच्या बाजारात दिसले. दुसऱ्या कोणाची तरी, बर्फातली मासळी विकत बसले होते. मी वळणार तेवढ्यात हाक आली.

"साहेब, भेवता काहून? मेलेला मासा हाय, चावत नाही."

मासा कापता कापता मान वर न करता म्हणाले, "लय इचार केला मी. तुमचं यंत्र तं खोटं बोलत नाही. चाळीस वरसं त्या पाण्यात काढली, पन मलेच तलाव समजला नाही म्हना."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी "बरं काका" म्हणालो, पिशवी घेतली आणि निघालो. घरी त्याचं कालवण झालं. मी जेवलोही.

तलाव गेला हे वाईटच. पण आपलं पाणी आपल्याला ओळखता येतं, हा त्या माणसाचा भरवसाही मी घालवला. ते त्याहून वाईट.

मी दोन गोष्टींचं देणं लागतो. कार्यालयाला माझ्या सहीचं पत्र, की तो खुलासा खोटा होता आणि मी त्या तलावावर कधी गेलोच नव्हतो. आणि संस्थेच्या सगळ्या सभासदांसमोर त्यांना एवढंच सांगणं, की काका, तुमचं बरोबर होतं. यातलं काहीच मी अजून दिलेलं नाही.